वाचाघात चाचणीचे फिलिपिनो भाषेतील रूपांतर : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पक्षाघातानंतर भाषा गमावलेल्या रुग्णाच्या वाचाशक्तीचे मापन करणाऱ्या बहुतेक प्रमाणित चाचण्या इंग्रजी भाषेत तयार झाल्या. अन्य भाषिक रुग्णांसाठी त्यांचे रूपांतर करताना अनेकदा केवळ अनुवादावर भर दिला गेला. फिलिपाईन्समधील फिलिपिनो भाषेच्या संदर्भात हा मार्ग अपुरा का ठरतो, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. वाचाघात चाचणीची युरोप-अमेरिकेतील जडणघडण, फिलिपिनो या राष्ट्रभाषेचा राजकीय इतिहास आणि त्या भाषेची व्याकरणिक रचना हे तीन धागे एकत्र पाहिल्याशिवाय रूपांतराचा प्रश्न नीट समजत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वाचाघात, पक्षाघात, चाचणी-रूपांतर, फिलिपिनो, टागालोग, राष्ट्रभाषा, बहुभाषिकता.

१. प्रस्तावना

मेंदूच्या डाव्या गोलार्धातील रक्तपुरवठा खंडित झाल्यास अनेक रुग्णांची उजवी बाजू लुळी पडते आणि त्याचबरोबर बोलणे, समजणे, वाचणे व लिहिणे या क्षमतांनाही बाधा पोहोचते. या भाषिक बाधेस वाचाघात असे म्हणतात. वाचाघात म्हणजे बुद्धिनाश नव्हे. आपल्याला काय म्हणायचे आहे हे पुष्कळदा रुग्णास ठाऊक असते, परंतु त्यासाठी शब्द सापडत नाही. किंवा शब्द सापडतात, पण त्यांची वाक्यात जुळणी होत नाही. ही बाधा कोणत्या प्रकारची आहे आणि किती तीव्र आहे हे ठरविण्यासाठी प्रमाणित चाचणीचा आधार घ्यावा लागतो. उपचारांची दिशा, सुधारणेचे मोजमाप, कुटुंबीयांना द्यावयाचा सल्ला आणि काही वेळा रुग्णाने पुन्हा कामावर रुजू व्हावे की नाही याचा निर्णय, या सर्व गोष्टी चाचणीच्या निष्कर्षावर अवलंबून असतात.

येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. जी चाचणी एका भाषेच्या रचनेवर आणि एका समाजाच्या दैनंदिन जीवनावर बेतलेली आहे, ती दुसऱ्या भाषेच्या रुग्णापुढे ठेवली तर दोन प्रकारचे प्रमाद संभवतात. चाचणी परकी असल्यामुळे झालेली चूक आजाराच्या खात्यावर जमा होऊ शकते, अथवा प्रश्न अजाणता सोपा झाल्यामुळे खरी बाधा झाकली जाऊ शकते. दोन्ही प्रसंगी हानी रुग्णाचीच होते, आणि वाचाघातामुळे त्याला या मापनाविरुद्ध तक्रारही नीट मांडता येत नाही. फिलिपाईन्सचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

२. वाचाघात चाचणीची जडणघडण

वाचाघाताच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ सामान्यतः इ. स. १८६१ पासून मानला जातो. त्या वर्षी पॉल ब्रोका यांनी पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे लबोर्न्य या रुग्णाच्या मेंदूचे निरीक्षण मांडले. 'तां' या एकाच अक्षरगटापुरते बोलणे उरलेल्या या रुग्णाच्या मेंदूत डाव्या ललाटखंडात इजा आढळली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी अस्खलित परंतु अर्थहीन बोलणाऱ्या आणि दुसऱ्याचे बोलणे न समजणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. या काळातील परीक्षा मात्र प्रत्येक वैद्याच्या स्वतःच्या पद्धतीने होत असे. तिला ठरावीक प्रश्नांची अथवा गुणांची चौकट नव्हती.

पहिल्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या तरुण सैनिकांचा अभ्यास करून हेन्री हेड यांनी १९२६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकच कृती निरनिराळ्या मार्गांनी करवून घेणाऱ्या क्रमबद्ध परीक्षा त्यांनी वापरल्या. १९३५ मध्ये वायझेनबर्ग आणि मॅकब्राईड यांनी मेंदूची इजा नसलेल्या प्रौढांचा तुलनागट घेऊन एक महत्त्वाचे पाऊल टाकले. निरोगी माणूस या प्रश्नांची उत्तरे कशी देतो हे कळल्याशिवाय रुग्णाच्या उत्तराचे मूल्य ठरविता येत नाही, हे तत्त्व त्यातून स्थिर झाले. पुढे १९६५ मध्ये हिल्ड्रेड शुएल यांची मिनेसोटा चाचणी आणि १९७२ मध्ये गुडग्लास व कॅप्लन यांची बॉस्टन चाचणी आली. कॅनडातील वेस्टर्न ऑंटारिओ विद्यापीठात अँड्र्यू कर्टेझ यांनी विकसित केलेली 'वेस्टर्न अफेझिया बॅटरी' १९८२ मध्ये प्रकाशित झाली आणि तिची सुधारित आवृत्ती २००६ मध्ये निघाली. उत्स्फूर्त बोलणे, ऐकून समजणे, पुनरुच्चार आणि नामोच्चार या चार अंगांवरून ती १०० पैकी एक 'वाचाघात गुणांक' देते. मूळ चाचणीत ९३.८ ही सीमारेषा मानली गेली.

हा आकडा दिसायला वस्तुनिष्ठ वाटतो. तथापि त्यामागे इंग्रजी बोलणाऱ्या समाजाचे शब्द, वाक्ये, ऋतुमान आणि शालेय संस्कार आहेत. चाचणी दुसऱ्या भाषेत गेली की हा आकडा तिच्याबरोबर आपोआप जात नाही. तो नव्या भाषेच्या निरोगी भाषकांवर पुन्हा मिळवावा लागतो.

३. बहुभाषिक रुग्णाचा प्रश्न

एकाहून अधिक भाषा जाणणाऱ्या रुग्णाची कोणती भाषा आधी परत येते, याची चर्चा एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये स्मृतिविषयक विवेचनात जुन्या संस्कारांच्या टिकाऊपणाचा नियम मांडला. त्यानुसार बालपणी शिकलेली भाषा आधी परतावी. आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये वेगळे मत मांडले. आजारापूर्वी रुग्ण जी भाषा अधिक वापरीत होता ती आधी परतते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढील शतकातील अनुभवाने दोन्ही नियमांना अपवाद दाखविले.

या चर्चेतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघाला. रुग्णाच्या सर्व भाषा तपासल्याशिवाय त्याच्या वाचाघाताविषयी ठाम विधान करता येत नाही. मॅकगिल विद्यापीठाचे मिशेल पारादी यांनी १९८७ मध्ये मांडलेली द्विभाषिक वाचाघात चाचणी याच भूमिकेवर उभी आहे. तिच्या पहिल्या भागात रुग्णाचा भाषिक पूर्वेतिहास नोंदविला जातो, दुसऱ्यात प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे तपासली जाते आणि तिसऱ्यात दोन भाषांमधील परस्परसंबंध पाहिला जातो. निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या परस्परांचे अनुवाद नसून भाषिकदृष्ट्या समतुल्य असाव्यात, हा पारादी यांचा आग्रह होता. फिलिपाईन्ससारख्या देशात, जेथे घरची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि कार्यालयाची तिसरी असू शकते, तेथे या आग्रहाचे महत्त्व सहज लक्षात येते.

४. 'फिलिपिनो' म्हणजे कोणती भाषा?

चाचणीच्या मुखपृष्ठावर 'फिलिपिनो' हा शब्द लिहिताना रूपांतरकर्ता कळत-नकळत एका राजकीय इतिहासाचा स्वीकार करीत असतो. फिलिपाईन्समध्ये शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. टागालोग, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन, वाराय, बिकोल या त्यांपैकी प्रमुख होत. तीन शतकांहून अधिक काळ स्पॅनिश आणि त्यानंतर अमेरिकन सत्तेखाली राहिलेल्या या देशाच्या १९३५ च्या संविधानाने अस्तित्वात असलेल्या एका देशी भाषेच्या आधारे समान राष्ट्रभाषा विकसित करण्याचे ठरविले. त्यानुसार १९३६ मध्ये राष्ट्रभाषा संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक हाइमे दे वेरा हे स्वतः टागालोगभाषक नव्हते, ते वारायभाषक होते. ३० डिसेंबर १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन यांनी टागालोगला राष्ट्रभाषेचा पाया म्हणून घोषित केले. १९४० मध्ये लोपे के. सांतोस यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि शाळांतून राष्ट्रभाषेच्या अध्यापनास प्रारंभ झाला.

१९५९ मध्ये या भाषेस 'पिलिपिनो' असे नाव देण्यात आले. १९७३ च्या संविधानाने 'फिलिपिनो' नावाची समान भाषा विकसित करण्याचा संकल्प केला आणि १९८७ च्या संविधानाने 'फिलिपिनो' हीच राष्ट्रभाषा असल्याचे जाहीर केले. 'प' च्या जागी 'फ' येणे ही केवळ लेखनातील दुरुस्ती नव्हती. सांतोस यांच्या २० अक्षरांच्या वर्णमालेत 'फ' नव्हता, कारण टागालोगमध्ये तो ध्वनीच नव्हता. १९८७ च्या २८ अक्षरी वर्णमालेत तो आला. ही भाषा केवळ टागालोग नसून देशातील इतर भाषा आणि परकीय शब्द यांनाही सामावून घेणारी आहे, असे त्यातून सूचित होत होते.

या इतिहासाचा थेट परिणाम चाचणीवर होतो. टागालोग ज्यांची मातृभाषा आहे असे लोक देशात बहुसंख्य नाहीत. परंतु शाळा, चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्यामुळे फिलिपिनो समजणारे लोक फार मोठ्या संख्येने आहेत. सेबू बेटावरील एखाद्या वृद्ध रुग्णाची तपासणी फिलिपिनोत केल्यास जे उणेपण दिसेल ते पक्षाघाताचे की पूर्वीपासूनच्या दुय्यम भाषेचे, हे केवळ गुणांकावरून सांगता येणार नाही. शिक्षणाच्या माध्यमाविषयीचे धोरणही वारंवार बदलले आहे. १९७४ मध्ये इंग्रजी व पिलिपिनो यांचे द्विभाषिक धोरण आले, २००९ च्या आदेशानंतर प्रारंभिक वर्गांत मातृभाषेला स्थान मिळाले आणि २०२४ च्या कायद्याने मातृभाषा माध्यमाची सक्ती संपुष्टात आली. त्यामुळे निरनिराळ्या पिढ्यांतील रुग्णांचे फिलिपिनोशी असलेले नाते सारखे नाही. पक्षाघात मुख्यत्वे प्रौढ आणि वृद्ध वयात होतो हे लक्षात घेता, रुग्ण कोणत्या दशकात शाळेत होता, हाही तपासणीचा आवश्यक भाग ठरतो.

५. परकी मापे : पूर्वानुभव

परभाषेतील मापाने मोजले जाण्याचा अनुभव फिलिपाईन्सला नवा नव्हता. १९२५ मध्ये पॉल मन्रो यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने तेथील शिक्षणव्यवस्थेची पाहणी केली. हजारो विद्यार्थ्यांना इंग्रजीतील कसोट्या देण्यात आल्या आणि इंग्रजी वाचनात ते अमेरिकन मुलांपेक्षा बरेच मागे असल्याचे आढळले. परकी भाषा हाच मोठा अडथळा असल्याचे मंडळाच्याही लक्षात आले होते. तरीही इंग्रजी माध्यम कायम राहिले. मोजणारी भाषा आणि मोजली जाणारी क्षमता यांची गल्लत कशी होते, याचे हे जुने उदाहरण आहे.

या परंपरेला पहिले सैद्धांतिक आव्हान १९७० च्या दशकात मिळाले. अमेरिकेतून शिक्षण घेऊन परतलेले मानसशास्त्रज्ञ विर्हिलिओ एन्रिकेस यांनी 'सिकोलोहियांग पिलिपिनो' म्हणजे देशी मानसशास्त्राची चळवळ उभी केली. १९७५ मध्ये फिलिपिनो संकल्पनांवर आधारलेली 'पानुकात नांग उगाली आत पागकाताओ' ही व्यक्तिमत्त्व चाचणी तयार झाली. परकी संकल्पना घेऊन तिला देशी वेश चढविणे आणि देशी अनुभवातूनच संकल्पना घडविणे, असा भेद एन्रिकेस यांनी केला. वाचाघात चाचणी हा त्यांचा विषय नव्हता, तथापि हा भेद चाचणी-रूपांतराच्या प्रश्नास तंतोतंत लागू पडतो.

६. रूपांतरातील भाषिक अडचणी

मूळ मजकुराचा अनुवाद करून तो दुसऱ्या अनुवादकाकडून पुन्हा मूळ भाषेत आणण्याची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ग्वाम येथील द्विभाषिकांच्या साहाय्याने अभ्यासली होती. प्रश्नावलीसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु वाचाघात चाचणीत अर्थाइतकेच शब्दाची लांबी, ध्वनिरचना, वापरातील वारंवारता आणि वाक्यरचना यांनाही महत्त्व असते. अर्थ अचूक उतरला तरी काठिण्यपातळी बदलू शकते. फिलिपिनोच्या बाबतीत हे पुढील मुद्द्यांवरून स्पष्ट होते.

पहिला मुद्दा क्रियापदाचा. टागालोगवर आधारलेल्या फिलिपिनोत वाक्य सामान्यतः क्रियापदाने सुरू होते आणि वाक्यातील कोणत्या घटकास प्रमुख स्थान आहे हे क्रियापदाच्या प्रत्ययावरून कळते. 'बिली' म्हणजे विकत घेणे. 'बुमिली आंग बाता नांग इसदा' आणि 'बिनिली नांग बाता आंग इसदा' या दोन्ही वाक्यांत मुलाने मासा विकत घेतला आहे. पहिल्यात मूल आणि दुसऱ्यात मासा प्रमुख आहे. इंग्रजी चाचण्यांत कर्मणी वाक्य हे कर्तरीपेक्षा अवघड मानले जाते आणि आकलनाची कठीण पायरी म्हणून त्याचा उपयोग होतो. फिलिपिनोत मात्र कर्मप्रधान रचना अत्यंत नित्याची आहे. मराठी वाचकास हे समजणे कठीण जाऊ नये. 'मुलाने मासा घेतला' हा कर्मणी प्रयोग मराठीत लहान मूलही सहज करते, त्यास कोणी अवघड रचना म्हणत नाही. म्हणून इंग्रजी कर्मणी वाक्याचा शब्दशः अनुवाद केल्यास चाचणीतील अवघड पायरी फिलिपिनोत अवघड राहीलच, असे मानता येत नाही.

दुसरा मुद्दा व्याकरणलोपाचा. इंग्रजी रुग्ण प्रत्यय गाळून तुटक बोलतो तेव्हा दोष लगेच कानाला जाणवतो. फिलिपिनोत प्रत्यय कित्येकदा धातूच्या पोटात शिरतो. 'काइन' म्हणजे खाणे, 'कुमाइन' म्हणजे खाल्ले. पहिल्या अक्षराची द्विरुक्ती करून 'काकाइन' असे भावी क्रियेचे रूप होते. प्रत्यय गळाला तर 'काइन' हा धातू उरतो, आणि 'या, जेवा' अशा अगत्याच्या बोलण्यात निरोगी माणूसही तो एकटाच वापरतो. गुण देणाऱ्यास हा फरक माहीत नसेल तर दोष निसटतो किंवा नसलेला दोष दिसू लागतो.

तिसरा मुद्दा आघाताचा. 'बाका' या शब्दात पहिल्या अक्षरावर आघात दिला तर गाय आणि दुसऱ्यावर दिला तर 'कदाचित' असा अर्थ होतो. 'गाबी' म्हणजे अळकुडी किंवा रात्र. नेहमीच्या लेखनात आघातचिन्हे देत नाहीत. त्यामुळे सुटा शब्द मोठ्याने वाचण्याच्या परीक्षेत असे शब्द घातले तर कोणता उच्चार बरोबर, हे ठरविणे अशक्य होते.

चौथा मुद्दा संख्या व शब्दांच्या उगमाचा. पुनरुच्चारासाठी इंग्रजी चाचणीत '४५' सारखी संख्या येते. ती इंग्रजीत तीन अक्षरावयवांची आहे. फिलिपिनोत ती 'आपातनापुत लिमा' अशी देशी, 'क्वारेंताय सिंको' अशी स्पॅनिश किंवा सरळ इंग्रजी अशा तीन प्रकारे म्हटली जाते. घड्याळातील वेळ बहुधा स्पॅनिश अंकांत सांगतात. 'लुनेस', 'मार्तेस' ही वारांची आणि 'एनेरो', 'पेब्रेरो' ही महिन्यांची नावेही स्पॅनिशमधून आली आहेत. ज्याप्रमाणे मराठी माणसास बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीज वाटत नाहीत, त्याचप्रमाणे फिलिपिनो रुग्णास 'मेसा' किंवा 'बिंताना' परके वाटत नाहीत. शुद्धीच्या हट्टाने या जागी अपरिचित देशी शब्द योजले तर चाचणी भाषाशुद्धीची होईल, वाचाघाताची राहणार नाही. इंग्रजी-मिश्रित बोली हाही शहरी रुग्णाचा नित्यव्यवहार असल्याने वस्तूचे इंग्रजी नाव सांगणाऱ्यास गुण द्यावेत की नाही, याचा नियम आधीच ठरवावा लागतो.

पाचवा मुद्दा परिसराचा. जुलैत बर्फ पडतो का, असा प्रश्न मूळ कॅनेडियन चाचणीत आहे. तेथे 'नाही' म्हणण्यासाठी महिन्याचे नाव समजावे लागते. फिलिपाईन्समध्ये बर्फ कधीच पडत नसल्याने महिना न समजताही उत्तर बरोबर येते. प्रश्न अनुवादित झाला, पण त्यातील परीक्षा नाहीशी झाली. याउलट काही इंग्रजी चाचण्यांत 'फ' या अक्षराने सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगावयाचे असतात. ज्या भाषेच्या मूळ शब्दसंपत्तीत हा ध्वनीच नव्हता, तेथे निरोगी माणूसही अडखळणारच.

७. रूपांतराचे प्रयत्न

फिलिपाईन्समध्ये वाचोपचाराचे पदवीशिक्षण विद्यापीठीय स्तरावर विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस मनिला येथे रुजू लागले. तेथील तज्ज्ञांचे शिक्षण इंग्रजी ग्रंथांवर झाले, परंतु रुग्णाशी संवाद मात्र देशी भाषांत करावा लागे. या दरीतून प्रत्येकाने आपल्यापुरते तोंडी भाषांतर करण्याची पद्धत पडणे स्वाभाविक होते. अशा तोंडी भाषांतरात दोन परीक्षकांचे प्रश्न सारखे राहत नाहीत, म्हणून त्यांचे निष्कर्षही तुलनीय ठरत नाहीत.

'वेस्टर्न अफेझिया बॅटरी'ची फिलिपिनो आवृत्ती विकसित करण्याच्या कार्याचा वृत्तांत कॅरोल ओझेटा आणि अँथनी पाक-हिन काँग यांनी २०१२ मध्ये 'अ‍ॅकॅडमी ऑफ अफेझिया'च्या परिषदेत सादर केला. प्रमाणित चाचणी फिलिपिनो भाषकांच्या हाती देण्याच्या दृष्टीने हा प्रयत्न उल्लेखनीय आहे. २०१८ मध्ये इव्हान पॉल बोंडोक आणि सहकाऱ्यांनी टागालोगमधील व्याकरणलोप, प्रयोगव्यवस्था आणि संबंधी उपवाक्ये यांवरील संशोधन प्रसिद्ध केले. चाचणीतील वाक्यांची काठिण्यपातळी इंग्रजीवरून उसनी न घेता त्याच भाषेच्या रुग्णांकडून शोधून काढण्याची दिशा अशा संशोधनातून मिळते. २०१९ च्या प्रजासत्ताक कायदा क्र. ११२४९ द्वारे वाचा-भाषा उपचाराच्या व्यवसायाला फिलिपाईन्समध्ये वैधानिक चौकट प्राप्त झाली. त्यामुळे तपासणीच्या साधनांबाबतची व्यावसायिक जबाबदारीही वाढली आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वाचाघात चाचणीचे रूपांतर हे अनुवादाचे नव्हे, तर पुनर्रचनेचे कार्य आहे. प्रत्येक प्रश्न मूळ चाचणीत काय मोजतो हे आधी निश्चित करून, तेच मोजणारा नवा प्रश्न त्या भाषेतून शोधावा लागतो आणि नंतर निरोगी भाषकांवर त्याची मानके ठरवावी लागतात. दुसरा असा की, 'फिलिपिनो' ही १९३७ पासूनच्या राज्यकर्त्यांच्या निर्णयांतून घडलेली राष्ट्रभाषा असल्यामुळे तिच्यातील एकच चाचणी देशातील सर्व रुग्णांना न्याय देऊ शकणार नाही. रुग्णाचा भाषिक पूर्वेतिहास नोंदविणे आणि सेबुआनो, इलोकानो यांसारख्या भाषांतही साधने तयार करणे अपरिहार्य आहे. तिसरा असा की, हा प्रश्न एका देशापुरता मर्यादित नाही. फिलिपिनोत 'तायो' आणि 'कामी' असा जो भेद आहे, तोच मराठीत समावेशक 'आपण' आणि 'आम्ही' यांत आहे. इंग्रजीत तो नाही, म्हणून इंग्रजीवरून उचललेली कोणतीही चाचणी तो तपासणार नाही. घरच्या माणसांना उद्देशून 'आपण' म्हणण्याऐवजी 'आम्ही' म्हणू लागलेल्या रुग्णाची चूक त्याच्या पत्नीच्या लगेच लक्षात येईल, परंतु चाचणीच्या कागदावर तिची नोंद करण्यासाठी रकानाच नसेल. भाषावैज्ञानिक, वाचोपचारतज्ज्ञ आणि इतिहासाचे अभ्यासक यांनी एकत्र येऊन असे रकाने निर्माण करणे, ही बहुभाषिक समाजातील रुग्णसेवेची निकड आहे.